देवांक की अयान? फँटसी कबड्डीत चढाईपटू निवडताना

फँटसी कबड्डीचा संघ निवडायला बसलं की कोपरारक्षक आणि मध्यरक्षक भराभर ठरतात, अष्टपैलूंवर थोडी घासाघीस होते, आणि गाडी अडते ती चढाईपटूंपाशी. त्यातही दोन नावांपाशी : देवांक दलाल आणि अयान लोहचब. दोघं तरुण आहेत. दोघांनी प्रो कबड्डीच्या एकेका हंगामात चढाईत ३०० गुणांचा टप्पा ओलांडून दाखवला आहे. दोघं एका हंगामात एकाच संघातून खेळले. जागा एकच उरली असेल तर कोणाला घ्यायचं?

कबड्डीच्या दिवसांत आमच्या शहरातल्या पुंडलिकनगरात रात्री आठनंतर हा प्रश्न सतत ऐकू येतो. गजानन महाराज मंदिराच्या चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टपरीटपरीवर मोबाइलवर सामना लागलेला असतो. चिकलठाण्याच्या कंपनीतून ड्यूटी संपवून आलेली मुलं, खोली करून राहणारे स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, गल्लीतले शाळकरी, सगळ्यांचे आपापले संघ असतात. लीग व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर चालते आणि गुणांचा हिशेब कोणातरी एकाच्या वहीत असतो. वाद मात्र बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर होतो : कोणाचे गुण जास्त? माझ्या मते या निवडीत तो प्रश्न शेवटी विचारायचा. आधी विचारायचं ते हे की, संघात चढाई करायची जागा कोणाची आहे आणि ती त्याच्याकडे किती काळ राहणार आहे.

असं का म्हणतो, ते या दोघांच्याच गोष्टीतून स्पष्ट होईल.

२०२४ च्या ११व्या हंगामात देवांक आणि अयान दोघंही पटना पायरेट्सकडे होते. देवांकने २५ सामन्यांत चढाईचे ३०१ गुण मिळवले आणि हंगामातला सर्वोत्तम चढाईपटू ठरला. अयानने १८४ गुण मिळवले आणि सर्वोत्तम नव्या तरुण खेळाडूचा मान मिळवला. त्या वेळी कोणालाही विचारलं असतं तरी उत्तर एकच आलं असतं. ३०१ आणि १८४ यांत निवडण्यासारखं आहेच काय?

मग २०२५ च्या १२व्या हंगामाचा लिलाव झाला. बंगाल वॉरियर्सने देवांकसाठी २ कोटी २० लाख ५० हजार रुपये मोजले. अयान पटन्याकडेच राहिला. आता पटन्याची पहिली चढाई त्याची, तिसरी निर्णायक चढाई त्याची, शेवटच्या मिनिटाला मॅटवरून पलीकडे जायची जबाबदारीही त्याचीच. हंगाम संपला तेव्हा चढाईपटूंच्या यादीत अयान सर्वांत वर होता, ३०० च्या पुढे. मुलगा तोच होता, संघही तोच. पुढची जागा रिकामी झाली आणि ती त्याला मिळाली, एवढाच मोठा फरक पडला. ज्यांनी त्याला १८४ गुणांवरून जोखलं, त्यांच्या हातून वर्षातला सगळ्यात चांगला सौदा निसटला.

असं पहिल्यांदाच घडलं असतं तर मी त्याला योगायोग म्हटलं असतं. पण प्रो कबड्डीचे मागचे हंगाम चाळा. ९व्या हंगामात, २०२२ साली, तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो सबंध हंगाम बाहेर राहिला. ज्यांनी त्याच्याभोवती फँटसी संघ बांधला होता, त्यांचा हंगाम पहिल्या रात्रीच संपला. पण त्याच संघात नरेंदर नावाचा नवखा मुलगा होता. पवनची जागा त्याच्याकडे आली आणि पदार्पणातच त्याने चढाईत २४३ गुण केले. पुढच्याच हंगामात दबंग दिल्लीचा नवीन कुमार दुखापतीने बाहेर गेला. तोवर नवीनच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर चढाई करणारा आशू मलिक पुढे आला आणि २७६ गुणांसह हंगामाचा सर्वोत्तम चढाईपटू झाला. नरेंदर, आशू, अयान : तिघांच्याही बाबतीत आधी एक जागा रिकामी झाली आणि नंतर गुण आले.

हे असंच का घडतं, ते खेळाच्या रचनेत आहे. सामना ४० मिनिटांचा, चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची, आणि दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करणार. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साधारण ४० चढाया येतात. थोड्या कमी, थोड्या जास्त. मुख्य चढाईपटू त्यातल्या १५ ते २० स्वतः करतो. दुसऱ्याकडे दहा-बारा येतात आणि उरलेल्या तिसऱ्याकडे व अष्टपैलूंकडे जातात. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद होईपर्यंत खेळू शकतो. कबड्डीत चढायांची ही शिदोरी मोजकी आहे आणि ती कोणाला किती द्यायची हे प्रशिक्षक ठरवतो. दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा कितीही गुणी असला तरी दहा चढायांत तो किती गुण आणणार?

म्हणून दोन तरुण चढाईपटूंची तुलना करताना पहिला आकडा घ्यायचा तो सामन्यामागे किती चढाया मिळाल्या याचा. दुसरा, चढाईमागे किती गुण. समजा एकाला २० चढाया मिळाल्या आणि त्याने १० गुण केले, दुसऱ्याला १० मिळाल्या आणि त्याने ६ केले. पहिल्याचे गुण जास्त आहेत, पण दर चढाईमागचं उत्पन्न दुसऱ्याचं चांगलं आहे. आता दुसऱ्याच्या चढाया वाढणार असतील, तर तो माझ्या यादीत वर जातो. पण इथे एक सावधगिरी बाळगा. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूकडे समोरच्या बचावाचं लक्ष कमी असतं. मुख्य चढाईपटू आत आला की दोन्ही कोपरे सावध होतात आणि साखळ्या जुळतात; दुसरा आला की जरा सैल पडतात. त्यामुळे चढाया दुप्पट झाल्या म्हणून गुण दुप्पट होतीलच असं नाही. अयानने ते करून दाखवलं, आणि त्याचं खरं मोठेपण मला त्यातच दिसतं.

चढाया मोजण्याचं काम सामना बघताना सहज होतं. वहीत त्या खेळाडूच्या नावाखाली दर चढाईला एक उभी रेघ मारा. स्पर्शाचा गुण आला तर शेजारी ‘स्प’ लिहा, बोनस आला तर ‘बो’, पकडला गेला तर फुली मारा. मधल्या काळात तो बाकावर बसला असेल तर तिथे मोकळी जागा सोडा. तीन सामन्यांचं असं पान तयार झालं की अॅपवरच्या एकूण गुणांपेक्षा ते जास्त बोलतं.

त्यातल्या मोकळ्या जागांकडे जरा थांबून बघा, कारण फँटसी खेळणारे बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. चढाईपटू बाद झाला की तो बाहेर बसतो आणि त्याचा संघ गुण मिळवेल तेव्हाच परत येतो. तेही ज्या क्रमाने खेळाडू बाद झाले त्या क्रमाने. बोनसच्या गुणावर कोणी परत येत नाही. सुपर टॅकलचे गुण दोन असले तरी खेळाडू एकच परततो. लोण चढला तर मात्र सगळा संघ पुन्हा उभा राहतो. याचा अर्थ असा की चढाईपटूचे गुण त्याच्या एकट्याच्या हातात नसतात. मागचा बचाव पक्का असेल, तर तो बाद झाल्यावर पुढच्याच पकडीत परत येतो. बचाव कच्चा असेल, तर बाकावर बसून चढाया वाया जाताना बघत राहतो. दोन चढाईपटू तुल्यबळ वाटले तर ज्याच्या संघाचे कोपरारक्षक चांगले, त्याला घ्या. हा नियम मला आजवर सगळ्यात उपयोगी पडला आहे.

दुसरा चढाईपटू चांगला असण्याचाही मुख्य चढाईपटूला फायदा होतो, कारण तो स्पर्शाचे गुण आणतो आणि बाहेर बसलेल्याला परत आणतो. ११व्या हंगामात देवांक आणि अयान एकमेकांसाठी हेच करत होते. म्हणजे देवांकचे ३०१ गुण ही काही प्रमाणात जोडीची कमाई होती, आणि अयानचे १८४ हे काही प्रमाणात देवांकला मिळालेल्या चढायांमुळे कमी राहिले होते. आणि जोडी कितीही चांगली असली तरी बचाव तिला बांधू शकतो, हेही त्याच हंगामाने दाखवलं. २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यात बालेवाडीला झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सने पटन्याला ३२-२३ असं हरवलं. देवांक आणि अयान दोघंही मॅटवर असताना सबंध संघाचे गुण २३. ज्यांनी त्या रात्री फँटसी संघात दोघांनाही घेतलं होतं, त्यांचं पान कोरडं राहिलं असणार. एका सामन्यापुरता संघ लावताना एकाच संघाचे दोन चढाईपटू घेण्याचा मोह म्हणूनच टाळावा. एक बांधला गेला की दुसराही बांधला जातो.

बोनसबद्दल माझं एक ठाम मत आहे. बोनस मिळायला समोर किमान सहा बचावपटू मॅटवर असावे लागतात. पाच झाले की ती रेषा असून नसल्यासारखी. बोनसवर जगणारा चढाईपटू बघायला मला फारसा आवडत नाही. तो ३० सेकंद रेषेपाशीच पाय लांबवत राहतो. पण फँटसीच्या हिशेबात तो उपयोगी आहे, कारण त्याची रात्र पूर्ण कोरडी जात नाही. उलट, खोलवर चढाई करून स्पर्श घेणारा खेळाडू एका रात्री १५ गुण आणतो आणि दुसऱ्या रात्री तीन. सबंध हंगामाच्या लीगमध्ये मी स्पर्श घेणाऱ्याला पसंती देतो, कारण चांगल्या आणि वाईट रात्रींची अखेर सरासरी निघते. शेवटच्या आठवड्यात लीगमध्ये आघाडीवर असाल आणि आघाडी फक्त टिकवायची असेल, तर बोनसवाला घ्या. मागे आहात आणि झेप घ्यायची आहे, तर सुपर रेड मारण्याची धमक असलेला घ्या; एका चढाईत तीन किंवा जास्त गुण आणणारे खेळाडू मोजकेच असतात.

या सगळ्याच्या आधी मात्र तुमच्या लीगचे गुणांचे नियम नीट वाचा. प्रत्येक लीगचा हिशेब वेगळा असतो आणि त्यावरून निवड उलटी होऊ शकते. समजा तुमच्या वहीतला नियम असा आहे : स्पर्शाला ४, बोनसला २, यशस्वी पकडीला १०. आता एक चढाईपटू घ्या ज्याने सामन्यात ५ स्पर्श आणि ५ बोनस घेतले. टीव्हीवर दिसणार १० गुण, म्हणजे सुपर टेन. तुमच्या वहीत होणार ३०. दुसऱ्याने ६ स्पर्श, १ बोनस आणि एक पकड केली. टीव्हीवर त्याची सुपर टेन नाही, समालोचक त्याचं नावही फारसं घेणार नाहीत. तुमच्या वहीत त्याचे ३६ होतात.

हा दुसऱ्या प्रकारचा खेळाडू आपल्या महाराष्ट्राने चांगला घडवला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार होता तेव्हा, १०व्या हंगामात, १ मार्च २०२४ ला पलटणने हरियाणाला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू अस्लम ठरला. चढाईच्या गुणांत तो आशू मलिकच्या जवळपासही नव्हता. त्याचं मोल होतं ते चढाई, पकड आणि वेळ ओळखून खेळण्यात. फक्त चढाईची यादी बघून संघ निवडणाऱ्यांच्या नजरेतून असे खेळाडू सुटतात. आपल्या मातीतला मुलगा म्हणून त्याला घ्या असं मी सांगणार नाही. पकडीला चांगले गुण देणाऱ्या लीगमध्ये तो हिशेबानेच पुढे येतो, म्हणून घ्या. ११व्या हंगामात तो दुखापतीने मधूनच बाहेर पडला होता, तेही लक्षात ठेवा. चढाई आणि पकड दोन्ही करणाऱ्याच्या शरीरावर ताण दुहेरी असतो.

लीग कोणत्या प्रकारची आहे, त्यावरही बरंच ठरतं. एका सामन्यापुरती असेल तर जागेचा, भविष्याचा विचार सोडून द्या. आज समोर कोणाचे कोपरे आहेत एवढंच पाहा. डाव्या बाजूने आत शिरणाऱ्या चढाईपटूसमोर त्या बाजूचा कोपरा कच्चा असेल तर त्यालाच कर्णधार करा, कारण बऱ्याच लीगमध्ये कर्णधाराचे गुण दुप्पट होतात. सबंध हंगामाची लीग असेल तर सामन्यांची संख्या मोजा. इथे फसायला फार सोपं आहे. ११व्या हंगामात साखळीत प्रत्येक संघाचे २२ सामने होते, १२व्यात १८ झाले. शिवाय १२व्या हंगामात बंगाल पुढच्या फेरीत गेला नाही, म्हणून देवांकला १८ च्या वर सामने मिळणं शक्यच नव्हतं. पटना पुढे गेला आणि अयानला जास्तीचे सामने मिळाले. नुसते एकूण गुण समोर ठेवले तर या फरकाचा पत्ता लागत नाही. एकूण गुणांना सामन्यांनी भागा, आणि मग पुन्हा विचार करा. तुमच्या लीगमध्ये बाद फेरीचे गुण धरले जातात का, हे आधीच लेखी ठरवून घ्या. हंगामाच्या शेवटी भांडणं होतात ती यावरूनच.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो : दरवर्षी दोन-तीन खेळाडू पुढच्या हंगामासाठी राखून ठेवता येतील अशी लीग. मित्रांच्या गटात ती उत्तम चालते. कॅनडा-अमेरिकेत आइस हॉकीच्या अशा लीग वर्षानुवर्षं चालतात, आणि तिकडच्या मराठी घरांतली मुलंही त्यात असतात. त्यांच्यापुढेही अगदी हाच पेच असतो. शिकागोचा कॉनर बेदार्ड आणि सॅन होजेचा मॅकलिन सेलेब्रिनी हे दोन तरुण आक्रमक खेळाडू. पहिला २०२३ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर उचलला गेला, दुसरा २०२४ च्या. बेदार्डने पहिल्या हंगामात ६८ सामन्यांत ६१ गुण केले, सेलेब्रिनीने ७० सामन्यांत ६३. सरासरी जवळजवळ सारखीच. तिथले जाणते लोक अशा वेळी गुण बाजूला ठेवतात आणि दोन गोष्टी बघतात : खेळाडू दर सामन्यात किती मिनिटं बर्फावर असतो, आणि समोरच्या संघाचा एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना हा आत असतो की नाही. आपल्याकडच्या चढायांच्या मोजणीसारखीच ही मोजणी आहे. संधी किती मिळते ते आधी, गुण नंतर.

राखीव लीगमध्ये तरुण खेळाडूच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची धास्ती बाळगायलाच हवी. पहिल्या वर्षी त्याला कोणी ओळखत नाही. दुसऱ्या वर्षापर्यंत सगळ्या संघांनी त्याची चित्रफीत बघून ठेवलेली असते : तो कोणत्या पायाने बोनस घेतो, वळतो कुठे, घाबरला की कोणत्या बाजूने परततो. नरेंदरचे गुण पदार्पणानंतरच्या हंगामात खाली आले होते. अयान दुसऱ्या वर्षी वर गेला, पण आता तो सगळ्यांच्या नजरेत आहे. पुढचा हंगाम त्याच्यासाठी खरी परीक्षा असेल. लिलावात त्याच्या संघाने दुसरा चांगला चढाईपटू घेतला आहे का आणि कोपरे कोण सांभाळणार आहे, हे बघितल्याशिवाय त्याच्यावर पहिली बोली लावू नका. देवांकच्या बाबतीतही तेच. सगळ्या चढायांचं ओझं एकट्यावर घेऊन तो खेळला आहे, आणि असं ओझं वाहणाऱ्या खेळाडूचे गुडघे आणि घोटे ही फँटसीतली सगळ्यात मोठी जोखीम असते. पवनचं उदाहरण समोर आहेच. राखीव खेळाडूंत म्हणूनच मुख्य चढाईपटूबरोबर त्याच्याच संघातला दुसरा चढाईपटू शेवटच्या फेरीत, स्वस्तात उचलून ठेवा. तो बहुतेक आठवडे बाकावर बसेल. पण जागा रिकामी झाली तर ती तुमच्याच संघात भरली जाईल.

आता पैशाचं बोलतो, आणि हे मनापासून बोलतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर मोहोर उठली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यात बेकायदा ठरले. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या कंपनीनेही पैशाच्या स्पर्धा थांबवल्या. त्याआधीच्या वर्षांत आपल्या भागातल्या किती मुलांनी उसनवारी करून, मेसचे पैसे वळवून, घरच्यांपासून लपवून संघ लावले, ते पुंडलिकनगर-गारखेड्यात राहणाऱ्या कोणालाही सांगावं लागणार नाही. कायदा आला तरी टेलिग्रामवरून, अनोळखी लिंकवरून ‘फक्त ४९ रुपये भरा’ असं बोलावणारे आहेतच. त्यांच्याकडे जाऊ नका. कट्ट्यावरच्या लीगमध्येही प्रत्येकी शंभर-दोनशे रुपये काढून विजेत्याला द्यायची पद्धत असेल तर ती बंद करा. हरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा, एवढं पुरे. पैसे आले की अभ्यास संपतो आणि मुलगा आकड्यांऐवजी नशिबाकडे बघायला लागतो.

आणि खेळ मोबाइलपुरता ठेवू नका. गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल पुंडलिकनगरातून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जिल्हा आणि विभागाच्या कबड्डी स्पर्धा शहरात जिथे होतील तिथे एकदा तरी मॅटच्या काठाला बसून सामना बघा. चढाईपटू परतताना मध्यरेषेसाठी कसा झेपावतो, कोपरा घोट्यावर कधी हात टाकतो, तिसऱ्या निर्णायक चढाईला कोणाचं धैर्य टिकतं, हे जवळून एकदा बघितलं की टीव्हीवरचा सामना वेगळा दिसायला लागतो. पुढचा अयान कोण असेल, हे यादी छापून यायच्या आधी ओळखण्याची नजर तिथेच तयार होते.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. एका रात्रीच्या लीगमध्ये, समोरचा बचाव साधारण असेल तर मी देवांक घेईन आणि त्याला कर्णधार करीन. सबंध संघाच्या चढाया अंगावर घेऊन एका रात्रीत सामना फिरवण्याची ताकद त्याच्याकडे आहे. सबंध हंगामाच्या लीगमध्ये दोघांच्या संघांचे कोपरारक्षक आणि बाद फेरीची शक्यता तपासून निवड करीन. दोन्ही सारखं वाटलं तर अयान. राखीव लीगमध्ये मात्र माझ्या मनात शंका नाही. दुसऱ्या क्रमांकावरून पहिल्यावर येऊन गुण वाढवून दाखवणारा खेळाडू क्वचित मिळतो. तो आपल्या संघात मुख्य चढाईपटू आहे तोवर अयान लोहचब घ्या. लिलावात त्याची जागा बदलली, तर हा लेख बाजूला ठेवून चढाया पुन्हा पहिल्यापासून मोजा.